मूठभर धने

गौर झोपाळ्यात बसली. नयनानं दोन पावलं मागं सरून डोकं कलतं करून पाहिलं. झोपाळा स्वल्प डावीकडं झुकला होता. दरवर्षी झुकायचा. दरवर्षी चंद्रकांत पाणसळ घेऊन पातळी मोजायला यायचे आणि दरवर्षी नयना म्हणायची, "राहू द्या हो, झोपाळाच आहे तो. विमानाचा पंख नव्हे."

यंदा पाणसळ आली नाही. विमानाच्या कारखान्यात पार्ट तपासून पास-नापास करण्यात ज्याचं आयुष्य गेलं, तो माणूस सकाळपासून खुर्चीत पेपर उघडून बसला होता आणि पान काही उलटत नव्हता.

"वाचताय, की वारा घेताय?"

"वाचतोय."

"कालचा आहे तो."

चंद्रकांतांनी तारीख पाहिली. "मग आजचा कुठाय?"

"कैरीच्या साली टाकल्यात त्यात." नयना हसली आणि मग तिचंही हसू जरा आखडलं. दोघांचा जीव एकाच ठिकाणी अडकला होता. वर, गच्चीवर.

आज संध्याकाळी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला राजाजीनगरातल्या बायका यायच्या होत्या. कैरीची डाळ वाटून झाली होती, पन्हं माठात गार होत होतं, हरभरे भिजून फुगले होते. आणि सवाष्णींच्या हातावर जे अत्तर लागणार होतं ते यंदा दुकानातलं नव्हतं. ते त्यांच्या लेकीनं, हर्षितानं केलं होतं.

साबण-शाम्पूंना वास पुरवणाऱ्या कंपनीतली बरी नोकरी होती तिची. भांडी घासायच्या एका वडीतल्या लिंबाच्या वासाबद्दल चंद्रकांत पाहुण्यांना अभिमानानं सांगायचे, "त्यातलं लिंबू आमच्या हर्षिताचं." आणि गेल्या चैत्रात ती नोकरी सोडून म्हणाली, मला शहाजीराजांच्या वेळचं बेंगळूर करायचंय.

"करायचंय म्हणजे?"

"अत्तरात, अण्णा."

जयनगरातलं एक छोटं कलादालन त्या काळावर प्रदर्शन भरवणार होतं. दारातच येणाऱ्याच्या मनगटाला अत्तर लावायचं, आणि मग आत सोडायचं, अशी त्यांची कल्पना. उद्या सकाळी त्यांची माणसं कुपी न्यायला येणार होती. आणि पाडव्याच्या दिवशी, श्रीखंडाची वाटी हातात धरूनच, चंद्रकांतांनी निकाल देऊन टाकला होता: अत्तर प्रदर्शनात गेलं तर गच्ची हर्षिताची. नाही गेलं तर भट्टी उतरवायची, वरची खोली पुण्याहून राहायला येणाऱ्या मुलगा-सुनेला, आशय-शमिकाला द्यायची, आणि सोमवारी हर्षितानं जुन्या साहेबांना होकार कळवायचा.

"सरी, बरं," हर्षिता म्हणाली होती. तेवढंच. नयना तेव्हा नवऱ्याच्या बाजूनं मान हलवून बसली होती. पोरीचे हात भाजलेले तिला बघवत नव्हते.

*

गच्चीवर हर्षिता भपक्यासमोर मांडी घालून बसली होती.

देग म्हणजे पोटफुगा तांब्याचा हंडा. त्यात दवणा आणि पाणी घालायचं, झाकण चिखलानं लिंपायचं, खाली मंद जाळ ठेवायचा. वाफ बांबूच्या नळीतून निघून पाण्याच्या टाकीत बसवलेल्या लांब मानेच्या भांड्यात उतरायची. तो भपका. त्याच्या तळाशी चंदनाचं तेल वाट बघत असायचं. माहेरी आलेल्या लेकीनं ओटीतलं सगळं आईच्या पुढ्यात ओतावं, तशी ती वाफ आपला वास तेलात ओतून पाणी होऊन जायची. एक दिवस दवणा, एक दिवस मरवा, एक दिवस वाळा, मग पुन्हा दवणा.

आज सकाळी तिनं वरचं तेल तेवढं नळीनं ओढून कुपीत घेतलं होतं. बाकीचं संध्याकाळी निथळायचं होतं. कुपी नाकाशी धरली, दूर केली, पुन्हा धरली. काहीच नीट कळेना. पंधरवडाभर त्याच धुरात बसून नाक पार बसलं होतं.

"ताई, आई विचारतायत, रेडी आहे का?" शमिका जिन्यातून वर आली. नव्या साडीच्या निऱ्या तिनं दोन्ही हातांत मुठीनं धरल्या होत्या.

"शमिका, इकडं ये. वास घे आणि खरं सांग."

शमिकानं डोळे मिटले. मग तिच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू उमटलं. "खूप छान आहे, ताई. एकदम कम्फर्टेबल वाटतं."

"कम्फर्टेबल?" हर्षिता ताठ बसली. "अगं, घोडदळ आहे ते! हे बघ, आधी वाळा, म्हणजे गावाबाहेरची तळी. मग दवणा-मरवा, पेठेतला फुलबाजार. आणि खाली चंदन, तो दरबार. राजे येऊन बसलेत असं वाटायला पाहिजे."

"मला राजे येऊन जेवायला बसलेत असं वाटतंय."

हर्षितानं तिच्याकडं पाहिलं. शमिकानं जीभ चावली. "म्हणजे, माझं नाक काय, बॉडी स्प्रेवर वाढलेलं! आणि ताई, ते वरच्या रूमचं मला एक बोलायचं होतं..."

खालून रिक्षाचा हॉर्न आणि त्याच्याही वरचा एक आवाज आला. "साकु साकु, पुरे! एवढं भाडं मागायला काय बनशंकरीपासनं विमानानं आणलास काय मला?"

"अक्काआत्या आली," हर्षिता म्हणाली आणि कुपी ओच्यात धरून जिना उतरली.

*

भाग्यलक्ष्मी, म्हणजे चंद्रकांतांची थोरली बहीण, चिकोडीकडून बेंगळुरात आली त्याला पन्नास वर्षं होऊन गेली होती, पण तिचं बोलणं अजून घटप्रभेच्या पाण्यानं भिजलेलं होतं. सगळ्या घराची ती अक्का. दारातच चपला काढता काढता तिनं भावाला न्याहाळलं.

"काय रे चंदू, तोंड असं का? पोरगीनं एवढं काम केलंय, आणि हा बघ, एरंडेल प्यायल्यागत बसलाय."

"काही नाही, अक्का. बस."

"बसायला आलीया काय मी? कुठाय अत्तर?"

तासाभरात घर भरलं. रेशमी सळसळ, बांगड्या, लहान मुलींची पळापळ. समोरच्या घरातल्या कन्नड बाई आल्या, त्यांनी डाळीला कोसंबरी म्हटलं आणि पन्ह्याला पानक, आणि दोन्ही दोनदा घेतलं. चिकोडीकडच्याच ठकुबाई काठी टेकत आल्या. त्यांचा मुलगा त्यांना सोडून पळाला, कारण पुरुषांना आत मज्जाव होता. चंद्रकांत मात्र आपल्या घरात असल्याच्या हक्कानं पडद्याआड खुर्ची धरून होते.

नव्या सुनेनं नाव घेतल्याशिवाय कुंकू लावून घेणार नाही, असं ठकुबाईंनी जाहीर केलं. शमिका लाजली, मोबाईलकडं हात नेला, नयनानं डोळे वटारले तसा मागं घेतला, आणि मग एका दमात म्हणाली:

"दवण्याच्या काडीला चंदनाची साथ,
आशयरावांच्या घरी नणंदेनं धरला हात."

"आँ?" ठकुबाई म्हणाल्या. "नवऱ्यानं न्हाई धरला?"

हशा उसळला. पडद्याआडचा खोकलाही हसल्यासारखा वाटला.

मग अक्कानं अत्तरदाणी उचलली. वयाचा मान तिचा. काडीला गुंडाळलेला कापसाचा फाया कुपीत बुडवून ती एकेकीच्या हातावर ओढू लागली, आणि ओढता ओढता तिच्या घशातून आपसूक ओवी आली, कुणी मागितली नव्हती तरी:

"दवणा ग मरवा दोन्ही, वास जाईना पदराचा,
माझ्या भावाच्या घराला उंबरा ग चंदनाचा."

बायकांनी हात नाकाशी नेले.  हर्षिता भिंतीला टेकून एकेकीचा चेहरा वाचत होती.

"अगं बाई," ठकुबाई म्हणाल्या आणि खालीच बसल्या. "माझ्या आईच्या परड्यात आले की मी. जोतिबाचा दवणा आणलाय, आणि आत चुलीवर आई कायतरी भाजालीया."

"नम्म अम्मन अडिगे मने," समोरच्या बाई हळूच म्हणाल्या. आमच्या आईचं स्वयंपाकघर. आणि स्वतःशीच नवल करत त्यांनी दुसरा हात पुढं केला. "इन्नू स्वल्प हाकि, अक्का."

"मला पण, या हाताला."

"आणि मला कानामागं लावा हो!"

नयना तबक धरून उभी होती. लेकीला मिठी मारावी असं तिला वाटलं. तिनं वळून पाहिलं, तर हर्षिताचा चेहरा उतरला होता.

"काय झालं गं? आवडलंय सगळ्यांना."

"आई, मी दरबार केला होता," हर्षिता पुटपुटली. "ह्यांना स्वयंपाकघर येतंय. सगळ्यांना. एकीलाही घोडा आला नाही."

अक्कानं ते ऐकलं नाही. ती आपल्याच कौतुकात होती. आपला हात नाकाशी धरून ती मोठ्यानं म्हणाली, "झकास उतरलंय की गं पोरी! आणि काय गं, त्या भपक्यातले धने-गूळ काढलीस न्हवं आधी?"

"कसले धने-गूळ?"

"अगं, कल्हई करून पाठवलं न्हवं मी तुला भांडं? आमच्या गल्लीत अजून कल्हईवाला येतो म्हणून तूच दिलीस की. रिकामं कसं पाठवू परत?"

बायकांनी माना डोलावल्या. खरंच होतं. कुणाचं भांडं आपल्याकडं आलं तर ते धुऊन नुसतं परत करायचं नसतं. साखर घाला, तांदूळ घाला, चार शेंगा घाला. आणि नवी कल्हई झालेलं भांडं असेल तर धने-गूळच, शुभाचे. ह्यात सांगायचं ते काय?

हर्षितानं मात्र भिंत सोडली आणि ती जिन्याकडं धावली.

*

चंद्रकांत वर पोचले तेव्हा तिनं भपका आडवा करून मानेला पातळ कापड बांधलं होतं आणि ती तेल परातीत गाळत होती. सोनेरी तेल धारेनं येत होतं. मग धार थांबली, आणि टप्प टप्प करत कापडावर धने पडले. फुगलेले, गडद, तेलानं चकचकीत. मूठभर.

"वाजले कसे नाहीत?" चंद्रकांतांच्या तोंडून पहिला प्रश्न तपासनिसाचाच आला.

"गूळ होता ना. उन्हात पातळ होऊन तळाला चिकटला असणार, त्यात हे रुतले. अक्काआत्यानं तोंडाला फडकं बांधून पाठवलेलं. त्या दिवशी दवणा आला होता, ऊन चढत होतं, दवणा मलूल व्हायच्या आत चढवायला पाहिजे होता. मी फडकं सोडलं आणि तेल ओतलं. आत पाहिलं नाही." ती टाचांवर बसली. "गूळ पाण्यात विरघळून गेला. हे राहिले. पहिल्या दिवसापासून." डोळ्यांत पाणी आलं तसं ते तिनं मनगटानं पुसलं, तर मनगटालाही तोच वास. "नापास, अण्णा."

"मी काही बोललो नाही."

"तुमच्या आधी मीच म्हणते."

चंद्रकांत पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसले. सोपं होतं खरं तर. पाडव्याला ठरलं होतं. हर्षितानंच निकाल दिला होता. पोरीला आता हवेशीर खोलीत बसून पगार मिळेल, हात भाजणार नाहीत. ह्या क्षणाची आपण वाट बघत होतो, असं त्यांना वाटत आलं होतं, आणि आता तो समोर येऊन बसला तर त्यांना तो मुळीच आवडला नाही. त्यांनी एक धना उचलला आणि बोटांत चुरडला. नाकाशी नेला. परातीतलं तेल बोटाला लावलं, तेही नेलं. सवयीनं पुन्हा एकदा तपासलं.

तेवढ्यात नयना आली, हातात डाळीचा डाव तसाच. मागून शमिका.

"खाली बायकांनी तिसरा हात असता तर तोही पुढं केला असता, आणि तुम्ही बापलेक इथं पंचनामा करताय?"

"नयना, तुला कळत नाही. ठरल्याप्रमाणे झालेलं नाही ते."

"मला नाक आहे. तेवढं कळतं. आणि वर्षभर तुमच्या बाजूनं मान हलवली ना मी, ती आता दुखायला लागलीय." डाव त्यांच्या दिशेनं हलला आणि कैरीच्या डाळीचा एक कण त्यांच्या शर्टावर पडला. "आजपासून मी हिच्याकडं."

"आणि मी पण," शमिका म्हणाली. "मघाशी तेच सांगायचं होतं, ताई. मला ही रूम नकोच आहे. वरती पत्रा आहे, दुपारी भाजून निघू आम्ही. आशयला वाटत होतं मला हवीय, मला वाटत होतं त्याला हवीय. दोघंही नुसते पोलाइट राहिलो."

चंद्रकांतांनी सुनेकडं, मग बायकोकडं पाहिलं. आपल्या बाजूला आता कुणी उरलंय का हे बघायला त्यांनी मागं वळून पाहिलं, तर तिथं फक्त टाकी होती.

"प्रश्न खोलीचा नाहीये गं," हर्षिता म्हणाली. "मी त्या लोकांना शब्द दिलाय, त्या काळचा विचार करून बनवीन म्हणून. वाळा, दवणा, चंदन, एकेक विचार करून निवडलं. आणि हे चुकून पडलं. वर राजांचं नाव लावायचं? खोटं होईल ते."

 मग चंद्रकांतांनी घसा साफ केला.

"आमच्याकडं काय व्हायचं माहितीय? कधी कधी पार्ट ड्रॉइंगप्रमाणे नसायचा, पण बसवून बघितला तर ड्रॉइंगपेक्षा बरा चालायचा. तेव्हा दोन वाटा. एक तर पार्ट भंगारात. नाही तर ड्रॉइंग बदलायचं. रिव्हिजन म्हणतात त्याला. खोटं नसतं ते. वर स्वच्छ लिहायचं, हे बदललं."

हर्षितानं वर पाहिलं. "तुम्ही हे म्हणताय, अण्णा?"

"पण," त्यांनी बोट वर केलं, "कारण द्यावं लागतं. कारणाशिवाय मी एकाही रिव्हिजनवर सही केलेली नाही."

"काय कारण देऊ? आत्याची मूठ?"

आणि तेव्हाच नयनाच्या लक्षात आलं. "अगं बाई. अक्का कुठायत?"

*

अक्का फाटकाशी उभी होती, पिशवी काखेत मारून. रिक्षा थांबवली होती तिनं, पण पाय काही उचलत नव्हता. पोरीचं वर्ष आपण मूठभर धन्यांत बुडवलं. खाली ऐकू आलं होतं तिला, नापास. चंदूच्या पोरीनं म्हटलं होतं, चंदूच्याच आवाजात. आपली आई असती तर म्हणाली असती, भागे, तुझा हात फार सैल. पण आईनंच तर शिकवलं होतं.

"बर्तीरा इल्वा, अम्मा?" रिक्षावाला कंटाळला होता.

"थांब की रे स्वल्प. येते का न्हाई ते माझं मलाच कळंना झालंय."

हर्षिता अनवाणीच धावत आली. "आत्या! कुठं चाललीस?"

"जाते गं बाई. तुझं नुकसान झालं माझ्यापायी. मला सांगितलं असतं, शास्त्राचं भांडं हाय म्हणून, तर मी..." ती थांबली. खरं तेच बोलायची तिला सवय होती. "तर मी तरी रिकामं पाठवलं असतं काय? न्हाई. दुसरं कायतरी घातलं असतं."

हर्षिताला हसू आलं, रडूही आलं, आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं.

"आत्या, मी राजांचा काळ करायला गेले होते. दरबार, घोडी, फुलांची पेठ. त्यात धने कुठून आणू?"

अक्कानं पिशवी खाली ठेवली. हा प्रश्न मात्र तिला सोपा वाटला.

"तुझे राजे आले, ते एकटेच आले होते काय गं? घोडी आली, हत्ती आले, ते लिहून ठेवलं असंल कुणी. त्यांच्यामागनं गाड्या आल्या असतील की. गाड्यांत बायका, पोरं, हंडे. हंड्यांत डाळ-तांदूळ, धने. मुलूख परका, बोली परकी. शेजारीण कोण, तिचं नाव काय, ठाऊक न्हाई. मी आले तेव्हा मला तरी कुठं कन्नड येत होतं? शेजारणीनं वाडग्यातनं ताक पाठवलं. मला 'थँक्यू' पण म्हणता येईना. वाडग्यात धने घातले आणि दिलं परत. झाली ओळख." तिनं पदरानं नाक पुसलं. "त्या बायांनी काय वेगळं केलं असंल? रिकामंच दिलं असंल व्हय वाडगं?"

हर्षिता तिच्याकडं बघत राहिली. चंदन, वाळा हेही तिचे अंदाजच होते. फक्त त्या अंदाजांत आजवर एकही बाई तिला दिसली नव्हती, आणि आता गाडीच्या मागच्या फळीवर बसून आलेली, ओळखीचं एकही माणूस नसलेल्या गावात वाडगं घेऊन शेजारच्या दारात उभी राहिलेली कुणीतरी दिसू लागली होती. ती बाई खरी होती की नाही हे सांगता येणार नव्हतं. पण तिच्यावाचून दरबार रिकामा होता एवढं मात्र नक्की कळलं.

"अण्णा!" ती मागं वळून ओरडली. चंद्रकांत दारातच होते, सगळं ऐकत. "हे कारण चालेल?"

चंद्रकांतांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "चालेल," ते म्हणाले. मग जरा सरकारी सुरात, "पास."

"होगप्पा, होगु," अक्कानं रिक्षावाल्याला जायला सांगितलं. त्यानं कपाळावर हात मारला आणि तिथूनच विचारलं, आतून वास कसला येतोय. नयनानं त्याला पन्ह्याचा पेला नेऊन दिला आणि हातावर अत्तर ओढलं.

*

कलादालनातल्या बाईंना हर्षितानं फोनवर सगळं सांगितलं, धन्यांसकट. पाटीवर हे आमचं कल्पनेनं केलेलं बेंगळूर असं स्पष्ट लिहायचं, आणि दवणा, मरवा, वाळा, चंदन यांच्या पुढं धने. पलीकडून आधी हसणं आलं आणि मग मागणी. प्रदर्शन महिनाभर चालायचं, एका कुपीत भागणार नाही. अजून देता येईल का?

बाजारात दवण्याचा शेवटचा भारा उद्या पहाटे यायचा होता. म्हणजे भट्टी उद्याच. आणि मग हर्षितातली कंपनीवाली जागी झाली.

"आत्या, धने किती घातले होतेस?"

"मूठभर."

"मूठभर म्हणजे किती?"

"मूठभर म्हणजे मूठभर. आता काय गं!"

उरलेल्या बायका स्वयंपाकघराच्या दारात गोळा झाल्या. हर्षितानं आपला छोटा काटा ओट्यावर मांडला, नयनानं धन्यांचा डबा उघडला, अक्कानं बांगड्या मागं सारून मूठ भरली आणि काट्यावर सोडली. चंद्रकांतांनी वाकून आकडा वाचला. पुन्हा भरायला लावली. आकडा बदलला. पुन्हा. पुन्हा बदलला.

"अक्का, एक काहीतरी ठरव," चंद्रकांत वैतागले. "असं कसं चालेल? दर वेळी वेगळी मूठ?"

"वेगळीच असणार की!" अक्का म्हणाली. "ज्यांचं भांडं, त्यांच्या घरात माणसं किती, तशी मूठ. दोघंच असली तर एवढीशी. तुमच्याकडं शमिका यायची होती, म्हणून मी त्या दिवशी जरा सढळ घातले. नव्या पोरीला कमी कसं पडू द्यायचं?"

शमिकानं तिच्या खांद्यावर डोकं टेकलं.

"बरं," हर्षिता म्हणाली. हसू दाबताना तिचा आवाज कापत होता. "मग उद्याचं कुणासाठी घालशील? ते बेंगळुराला लावायचंय, आत्या. जो येईल त्याला."

अक्का विचारात पडली. बाहेर रस्त्यावर दिवे लागले होते, बसचे हॉर्न, समोरच्या घरातून कुकरची शिट्टी, कुणीतरी कुणालातरी तमिळमध्ये हाक मारत होतं, कुणी हिंदीत भांडत होतं. तिनं डब्यात एक हात घातला. मग दुसराही घातला. आणि काठोकाठ भरलेली ओंजळ सांडू न देता, जपून, काट्यावर रिती केली.

काट्यावरचा आकडा एकदा लुकलुकला आणि विझला.

"एवढं नाही मोजत तो," हर्षिता म्हणाली.

चंद्रकांत शेजारी मोठा काटा मागायला निघाले.